हिराआत्याचा उजवा पाय

समस्त शिरगावकर, पालघर बाजारातली सुक्या मासळीची गिऱ्हाइकं, बोईसरच्या कारखान्यातले माझे सहकारी आणि मासवणचे व्याही या सर्वांना अत्यंत गंभीरपणे कळवण्यात येते की, श्रीमती हिराबाई यांच्या उजव्या पायाचे स्वतंत्र निधन झालेले नाही. तो शेवटपर्यंत जागेवर होता. बाकीच्या हिराबाई गेल्या तेव्हा तोही गेला, डाव्या पायाच्या शेजारून, रीतसर, जोडीनं. कोणीही अफवांवर विश्वास ठेवू नये.

आत्या, हे जाहीर करणं मला भाग पडलं. तू गेल्याचं कळल्यावर भेटायला आलेल्या निम्म्या माणसांनी पाण्याचा पेला हातात घेत पहिला प्रश्न हाच विचारला, "पाय कापलेला ना त्यांचा?" प्रत्येकाला मी सांगितलं, नाही. छाती पुढे काढून सांगितलं. ती बिचारी दुःखाचं तोंड करून आलेली, आणि समोर भाच्याचा चेहरा लग्नघरातल्यासारखा. एका बाईंनी तर हळूच चौकशी केली की मी घेतलेली वगैरे नाही ना.

घेतलेली नव्हती. सुटल्यासारखं वाटत होतं, एवढंच. माणूस गेल्यावर असं वाटावं का, हा प्रश्न मला तुलाच विचारायचा होता. तू म्हणाली असतीस, "वाटतंय ना, मंग वाटू दे. रडायला वंदना हाय." आणि वंदना, तुझी लेक, खरंच माझ्या वाटचंही रडली.

तुझ्या पायांची कीर्ती मात्र कापाकापीच्या अफवेच्या आधीची. चैत्रातल्या भर दुपारी मासळी सुकवायच्या खळ्यातली वाळू अशी तापायची की बाकीच्या बायका सावलीतून सावलीत उड्या मारत जायच्या. तू त्यातून नवरीसारखी चालायचीस. टोपली डोक्यावर, मान ताठ, घाई नाही. "हिराला चटका बसत नाय," असं सगळी आळी कौतुकानं म्हणायची आणि तू ते ऐकत आणखी हळू चालायचीस. एकदा शिंगाळा माशाचा वाळका काटा तुझ्या टाचेत घुसला. शिंगाळ्याचा काटा म्हणजे करवतीसारखे दात असलेला, लागला तर धट्टाकट्टा खलाशी आईला हाक मारतो. तू तो टाचेत घेऊन अख्खी सकाळ बोंबील उलटत फिरलीस. सोनाबायनं, तुझ्या थोरल्या जावेनं, तो बघितला. "हिरे, तुज्या टाचेत काटा हाय." तू पाय उचलून पाहिलंस आणि म्हणालीस, "व्हय गं. कुणाचा पडला?"

हा प्रसंग मी कारखान्याच्या कँटीनमध्ये साभिनय सांगायचो. टाच वर, मान वाकडी, "कुणाचा पडला?" बिहारचे ऑपरेटर हसून टेबलं वाजवायचे. आपल्या घराण्यात एकही शूरवीर नसल्यामुळे तुझी टाच हेच आमचं शौर्य होतं. आपण मासळीची माणसं. मीठ, ऊन आणि काटे सोसून तळवा असा घट्ट होतो असं आपल्याला पिढ्यान्पिढ्या वाटतं, आणि ज्याला काहीच लागत नाही तो आपल्यातला सर्वात पक्का. साखरेनं पायाच्या नसा बधिर होतात हे डॉक्टरच्या भिंतीवरच्या चित्रात होतं. पण ते चित्र शहरातल्या गोऱ्या, मऊ पायाचं होतं. त्याचा तुझ्या पायाशी काही संबंध असेल असं कुणाला वाटलं नाही.

साखर तर तुला कित्येक वर्षं होती. तिच्याविषयी तुझा सिद्धांत पक्का होता: साखर गोडानं होते, मी गोड खात नाय, म्हणून मला आहे ती खोटी साखर. गोळ्या तू पाहुण्यांसारख्या घ्यायचीस. आल्या तर आल्या.

मग जवळ्यावर डाग पडायला लागले.

तो शोध सोनाबायचाच. खळ्यात निळ्या प्लॅस्टिकवर जवळा पसरलेला, आणि त्याच्या कडेकडेनं ओलसर ठसे. तिला वाटलं मांजर. काठी घेऊन ती ठशांच्या मागे मागे गेली, बोंबील टांगायच्या बांबूच्या वलांडीखालून, मिठाच्या पिंपाला वळसा घालून, आणि पोचली ती तुझ्या उजव्या पायाशी. अंगठ्याच्या मागे, तळव्याच्या उशीवर, चांगली रुपयाएवढी जखम. तू त्यावर हळद आणि खोबरेल भरून मोकळी. "दुखत नाय ना, मंग कशाला मिजास?" सोनाबायनं मला फोन केला. तिचा आयुष्यातला बहुधा पहिला फोन, कारण ती "हॅलो" न म्हणता थेट म्हणाली, "ये आणि हिला घेऊन जा. मासळी नासवते."

पालघरच्या त्या डॉक्टरीणबाई तुझ्या नातीच्या वयाच्या. त्यांनी तुझा पाय हातात घेतला, सगळीकडून पाहिला आणि विचारलं, "आजी, दुखतं का?"

"नाय," तू म्हणालीस, बक्षीस मिळाल्यासारखी.

"तेच वाईट आहे."

तुझा चेहरा मी कधी विसरणार नाही. आळीनं इतकी वर्षं वाजवलेल्या टाळ्या त्या बाईनं तीन शब्दांत परत घेतल्या.

मग त्यांनी समजावलं, आणि मला कबूल केलं पाहिजे, छान समजावलं. जखम झाली की रक्तातल्या पांढऱ्या पेशी तिथं धावून जातात. आधी जातात त्या जंतू मारणाऱ्या, घाण उपसणाऱ्या. त्या रसायनांचे निरोप धाडून आणखी कुमक मागवतात. म्हणून तिथं सूज येते, लाली येते, हाताला गरम लागतं. ते काम संपलं की निरोप बदलायला हवा: मारामारी पुरे, आता नवी कातडी विणा. मधुमेहात हा निरोप वेळेवर बदलत नाही. रक्तातली जादा साखर आणि पोटावरची चरबी अंगभर बारीकशी सूज सतत चालू ठेवतात. पेशी सदानकदा चिडलेल्या. त्यामुळे खरी जखम होते तेव्हा त्या धड लढत नाहीत आणि धड विणायलाही लागत नाहीत. जखम तशीच उघडी राहते. शिवाय हीच चिडचिड नसांना आणि रक्ताच्या बारीक वाहिन्यांनाही खाते. आणि जखमेत जंतू शिरले की सूज वाढते, सूज वाढली की इन्सुलिनचं काम अडतं, साखर चढते. साखर चढली की पुन्हा सूज.

तू हे सगळं कान देऊन ऐकलंस आणि म्हणालीस, "म्हंजे नवराबायकोचं भांडण. पयलं कोण बोललं ते मागून कुणालाच आठवत नाय."

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. "अगदी तेच," त्या म्हणाल्या.

परत येताना रिक्षात मी माझं घोडं पुढे दामटलं. मी कारखान्यातला भोंग्यांचा माणूस. धूर झाला, वायू गळला, की भोंगा वाजला पाहिजे, ही माझी नोकरी. तुला सांगितलं, आमच्या एका शेडमध्ये धूर ओळखणाऱ्या डबीत धूळ बसली आणि पॅनेल दिवसभर बारीक टीटी करू लागलं. पहिल्या दिवशी सगळे धावले. मग एकानं त्यावर हातरुमाल बांधला. पुढे खरोखरच एका मोटरचा पट्टा जळून धूर निघाला, तेव्हा शेजारचा माणूस डबा खात होता. मी ओरडलो तर म्हणतो, "साहब, ये तो बजता ही रहता है." तसं तुझ्या अंगात चाललंय, आत्या. भोंगा सतत वाजतोय, म्हणून आगीकडे कुणी बघत नाही.

"मंग भोंगा काढून टाक."

"मग आग लागल्याचं कोण सांगणार? डॉक्टरांना विचारलं मी. सगळीच सूज दाबली तर जंतूंना रान मोकळं."

मग म्हणालीस, "तुजा भोंगा नाय बरोबर. हे खळ्यातल्या राखणदारासारखं हाय. पाखरं हाकायला ठेवलेला माणूस दिवसभर नुसता वरडत रायला, की कावळे त्याच्या खांद्यावर येऊन बसतात."

मी म्हटलं, दोन्ही एकच. तू म्हणालीस, अजिबात एक नाय, भोंग्याचा घसा बसत नाय, माणसाचा बसतो. तुझं म्हणणं, पेशी चिडलेल्या नाहीत, थकलेल्या आहेत. माझं म्हणणं, चिडलेल्या. हे भांडण आपण पुढे कितीतरी वेळा काढलं, बोंबील निवडताना, चहा पिताना, एकदा तर मासवणला वंदनाच्या घरी पाहुण्यांसमोर, जिथं तू आधी त्यांच्या सूर्या नदीच्या माशाला "पाण्यात भिजवलेला कापूस" म्हणून घेतलंस आणि मग माझ्या भोंग्याकडे वळलीस. डॉक्टरीणबाईंना विचारलं तर म्हणाल्या, दोन्ही थोडं थोडं. तुला "थोडं थोडं" कधीच आवडलं नाही. आता हा वाद तू अर्ध्यावर टाकून गेलीस, म्हणजे नियमाप्रमाणे मी जिंकलो. पण कालच कारखान्यात एका नव्या पोराला समजावताना माझ्या तोंडून कावळेच निघाले.

आता चपलांचं प्रकरण.

डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, अनवाणी एक पाऊलही टाकायचं नाही. घरात नाही, अंगणात नाही, कुठंच नाही. जाड, मऊ तळाची, पुढं रुंद अशी चप्पल मी मुद्दाम बनवून आणली. तू ती घातलीस, फिरून दाखवलीस, आरशात पायही बघितलास. आणि खळ्याच्या कडेला पोचल्यावर, जिथं सगळ्यांच्या चपलांची रांग असते, तिथं ती काढून नीट जोडीनं ठेवलीस आणि अनवाणी आत गेलीस.

खळ्यात चपला नाहीत. हे आपल्याला सांगावं लागत नाही. देवळात जसं, तसं खळ्यात. लोकांच्या ताटात जाणारी मासळी जिथं जमिनीवर पसरते तिथं रस्त्यावरची घाण न्यायची नाही. आणि या नियमाची रखवालदार सोनाबाय. सरकारी अधिकारी बूट घालून आत आला तेव्हा तिनं त्याला बाहेर काढून पाय धुवायला लावले होते.

मी तिला समजवायला गेलो. "सोनाबाय, पाय जाईल तिचा."

"मंग घरात बसू दे. मी हाय ना खळ्याला."

"तू हायस म्हणूनच बसवत नाय," तू आतून ओरडलीस. "तू बोंबील उलटायला जातेस तवर त्यांचे पापड होतात."

"आणि तुज्या पायाचं पाणी मिळून त्यांचं कालवण होतं."

असं सुरू झालं की मध्ये पडणाऱ्याला दोघी मिळून झोडपतात. मला वाटत होतं, तू सोनाबायला घाबरून चपला काढतेस. तसं नव्हतं. खळ्यात चपला घालणं तुलाच पटत नव्हतं. सासूनं तुला पहिल्या दिवशी ज्या जागेवर चपला काढायला लावल्या होत्या, तिथंच तुझे पाय आपोआप थांबायचे.

जखम काळपट झाली. डॉक्टरीणबाईंनी आपल्याला एका मोठ्या सर्जनकडे पाठवलं. त्यांनी पाय दाबून पाहिला, फोटो काढला, आणि तुझ्याकडे न बघता माझ्याकडे बघून सांगितलं की हाडापर्यंत पोचायला वेळ लागणार नाही. पोचलं तर आधी अंगठा, मग कदाचित पाऊल. औषधं देतो. पण पायावर भार नको आणि अनवाणी चालणं तर नकोच.

परत येताना तू भांडली नाहीस. तू गप्प आहेस म्हटल्यावर रिक्षावाल्यानंही गाणी बंद केली. खळ्याशी रिक्षा थांबली तेव्हा तू उतरली नाहीस. वलांडीकडे बघत बसलीस. बोंबील जोडीजोडीनं लटकत होते, तोंडात तोंड अडकवून.

"विलास," तू म्हणालीस, "एका पायानं खळ्यात कसं जायचं रे?"

मरायला तू घाबरत नव्हतीस. तुला भीती एकाच गोष्टीची होती, की खळं दिसत राहील आणि तू ओटीवर बसलेली असशील. त्या दिवशी माझ्याकडे एकही विनोद नव्हता. तुला ते लक्षात आलं असणार, कारण तूच माझ्या मांडीवर थाप मारून म्हणालीस, "चल. तोंड काय पाडतोस मेल्यासारखं. अजून हाय माजा पाय."

घरी येऊन तू सोनाबायला बोलावलंस आणि चपला तिच्यासमोर ठेवल्यास.

"नवी होडी पाण्यात उतरवतो तवा काय करतो आपण?"

"पूजा करतो," सोनाबाय म्हणाली. तिला अजून अंदाज नव्हता.

"का? लाकूडच तर असतं. मंग पूजेनंतर ती आपली होते. ही रबराची हाय, येवढाच फरक. रस्त्याला लागायची नाय, गटाराला लागायची नाय. खळ्यातच रायल, खळ्यातच झिजल."

मला वाटलं, आता भडका. सोनाबाय उठून आत गेली. आली तेव्हा हातात नारळ होता.

ज्यांनी तो सोहळा पाहिला नाही त्यांचं आयुष्य थोडं कमी पडलं. चपला समुद्राच्या पाण्यानं धुतल्या, टोकांना हळदकुंकू लावलं, झेंडूचं एकेक फूल पट्ट्यात अडकवलं. सोनाबायनं नारळ फोडला आणि वर अटी ऐकवल्या: या खळ्याबाहेर जायच्या नाहीत, दुसऱ्या कुणी घालायच्या नाहीत, रोज धुवायच्या, खुंटीवर टांगायच्या. मग बारशाचा प्रश्न निघाला, कारण होडीला नाव लागतं. कुणीतरी देवीचं नाव सुचवलं. सोनाबाय म्हणाली, देवाचं नाव पायात घालतात का? तू माझ्याकडे बघितलंस, आणि मला तेव्हाच पळायला हवं होतं.

तेव्हापासून तुझ्या चपला म्हणजे विलास एक आणि विलास दोन. मी खळ्यात शिरलो की हाका ऐकू यायच्या, "डावा विलास सुकला का बघ," "विलासला माती लागलीय, घासून काढ." माझ्या बायकोला हे इतकं आवडलं की घरीही तोच सूर सुरू झाला.

एवढ्यानं सगळं झालं असं नाही. डॉक्टरीणबाईंनी तुझं तोंड उघडायला लावलं आणि हिरड्या पाहिल्या. मिश्रीनं काळ्या झालेल्या, सुजलेल्या, दात हलणारे. त्यांनी तुला दातांच्या डॉक्टरकडे धाडलं. तू दारातच बसकण मारलीस. "पाय दाखवायला आले तर दात काढते. उद्या डोकं दुखलं तर गुडघा कापल." त्यांनी सांगितलं, हिरड्यांत सतत सूज असली की तीही साखर चढती ठेवते. तिथला राखणदारही ओरडतोय, आजी. त्यांनी भोंगा नाही, राखणदार म्हटलं. तू विजयी मुद्रेनं माझ्याकडे पाहिलंस आणि त्या खुशीत मिश्रीची डबी त्यांच्या टेबलावर ठेवलीस. दुसरी डबी कमरेला होती हे मला माहीत होतं. तीही नंतर सुटली, पण तिची कथा वंदनाच्या शिव्यांशिवाय सांगता येत नाही.

हळूहळू साखर उतरली. गोळ्या आता पाहुण्या राहिल्या नाहीत, सुईही आली. गणपतीत उघडी असलेली जखम शिमग्याला मिटली. मिटली म्हणजे तिथं गुलाबी, चकचकीत, नवीन कातडी आली, अंगठ्याच्या मागे, लहान मुलाच्या गालासारखी. तू ती सगळ्या आळीला दाखवत फिरलीस. अर्थात रस्त्यासाठी आणलेली वेगळी जोडी घालून.

डॉक्टरीणबाई दर वेळी नायलॉनचा दोरा तळव्याला लावून तुझी परीक्षा घ्यायच्या. डोळे मिटायचे, दोरा लागला की सांगायचं.

"लागला," तू म्हणायचीस.

"आजी, मी अजून लावलाच नाहीये."

"मंग लाव की. किती वाट बघायची?"

नसा परत आल्या नाहीत. येणारही नव्हत्या, त्यांनी स्पष्ट सांगितलं होतं. तुझा पाय तुला कळत नव्हता, म्हणून दुसऱ्या कुणीतरी तो रोज बघायला हवा होता. तुला वाकता येत नव्हतं, डोळ्यांनाही नीट दिसत नव्हतं. आणि घरात दुसरं होतं कोण?

रोज संध्याकाळी, दिवेलागणीच्या आधी, उजेड असताना, सोनाबाय ओटीवर यायची, मांडीवर फडकं पसरायची आणि तुझा पाय त्यावर घ्यायची. थोरली जाऊ धाकटीचा पाय मांडीवर घेते, हे आपल्याकडे कुणी पाहिलं नव्हतं. तिलाही ते जड जायचं. "आधी चपलेला नारळ, आता हिचे पाय धरा," असं पुटपुटत ती एकेक बोट बाजूला करून आत बघायची, टाचेवरून अंगठा फिरवायची, गरम लागतंय का म्हणून हाताची मागची बाजू टेकवायची. तू वरून फर्मानं सोडायचीस. मी बसून चहा प्यायचो. तुम्हा दोघींचं त्या वेळी जेवढं भांडण व्हायचं तेवढं खळ्यातही व्हायचं नाही, आणि सोनाबायनं एक दिवसही चुकवला नाही. पण दिवसा तू चपला घालून खळ्यातून गेलीस की ती न चुकता तोंड फिरवायची. नियम म्हणजे नियम.

अशी कितीतरी वर्षं तुला मिळाली, आत्या. दोन पायांची. ती कुणी दिली हे मला नीट वाटून सांगता येत नाही. औषध, सुई, दातांचा डॉक्टर, नारळ, सोनाबायचं फडकं.

मग तू गेलीस, आणि दारही चुकवलंस. आम्ही सगळे पायाशी पहारा देत बसलो होतो, आणि तू हृदयाकडून निघालीस. बोंबील उलटून झाले, तू सावलीत बसलीस, सोनाबायला म्हणालीस की जरा दम लागलाय, पाणी दे. ती पाणी घेऊन आली तेव्हा तू मान भिंतीला टेकवून बसली होतीस. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ती बारीक सूज हृदयाच्या वाहिन्यांनाही सोडत नाही. ती आतून सावकाश काम करत असते. मी विचारलं, तिला दुखलं असेल का? त्या म्हणाल्या, इतक्या जुन्या साखरेत पुष्कळांना झटका येतो तेव्हा छातीत कळ जाणवत नाही, आजींचंही तसं झालं असेल, नक्की सांगता येणार नाही.

मी त्या बधिरपणाला इतक्या शिव्या दिल्या होत्या. त्यानं तुझा पाय जवळजवळ घेतला होता. आणि निघताना त्यानंच तुला कळ लागू दिली नसेल, या विचारानं मी दवाखान्याच्या पायऱ्यांवर बसलो आणि मला इतकं हलकं वाटलं की लाज वाटली. मग लाजही गेली.

एक गोष्ट तुला सांगायची राहिली. मुद्दाम राहिली. माझ्याही रक्तात साखर निघाली आहे, फार नाही, उंबरठ्यावर. डॉक्टरीणबाईंनी माझ्या पोटाकडे बोट दाखवून सांगितलं की हे कोठार नाही, हा निरोप धाडणारा कारखाना आहे. तुला कळलं असतं तर तू माझ्यासाठी चपलांची आणखी एक जोडी काढली असतीस, आणि तिला स्वतःचं नाव दिलं असतंस. म्हणून गप्प राहिलो. आता रोज सकाळी खारेकुरणच्या रस्त्यानं चालतो. पाय बायकोला दाखवतो. ती सोनाबायइतकी छान पुटपुटत नाही, पण शिकते आहे.

तुला नेलं त्या दिवशी अंगणात माणसं मावत नव्हती. बायकांनी तुला न्हाऊ घातलं, नवं लुगडं नेसवलं. पायाचे अंगठे बांधायची वेळ आली तेव्हा वंदनानं दोरा पुढे केला आणि सोनाबाय तुझ्या पायाशी बसली. तिनं लगेच दोरा घेतला नाही. आधी तुझं उजवं पाऊल उचललं, एकेक बोट बाजूला करून आत पाहिलं, टाचेवरून अंगठा फिरवला, हाताची मागची बाजू टेकवली. मग तिनं दोन्ही अंगठे जवळ आणले आणि बांधले. दोन्ही, आत्या. मी तिथं उभा राहून ते बघितलं आणि माझ्या पोटातून एक उसासा असा निघाला की शेजारच्या माणसानं मला धरलं. त्याला वाटलं मी पडतो आहे.

माणसांनी तिरडी खांद्यावर घेतली. तेवढ्यात सोनाबाय उठली, गर्दीतून वाट काढत खळ्याकडे गेली आणि परत आली ती खुंटीवरच्या चपला हातात घेऊन. खळ्याबाहेर न्यायच्या नाहीत म्हणून जिनं अट घातली होती, तीच त्या रस्त्यावर घेऊन आली आणि तिरडीला आडवी उभी राहिली. कुणीतरी जाणत्यानं हळूच म्हटलं, "सोनाबाय, अगं, गेलेल्या माणसाला चपला कोण घालतं?" तिनं त्याच्याकडे बघितलंही नाही. सगळ्या गावासमोर ती बोलून गेली, "अनवाणी नका रे नेऊ तिला, डॉक्टरीण वरडेल."